बंद पाठीचे हेडफोन

मामा,

तुझं नाव न घेता तुझ्यावर लिहायला बसले आहे, आणि ते मला जमत नाही. आमच्या घरात माणूस गेला की त्याचं नाव, गाव, काम आणि तो कशानं गेला हे ठळक अक्षरांत छापायची पद्धत. माझा बाप सभेच्या मैदानाबाहेर सतरंजी अंथरून पुस्तिका विकायचा आणि मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर डोकं ठेवून झोपायचे. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. जी गोष्ट लपवली जाते ती कुणाच्या तरी फायद्यासाठी लपवली जाते, असं मला तेव्हापासून वाटतं. आजही वाटतं.

तुला जाऊन महिनाही झालेला नाही. पाथर्डीच्या बाहेरच्या खडी क्रशरवर तू उमेदीची सगळी वर्षं दगड भरडणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी उभा राहिलास. ती धूळ तुझ्या छातीत बसली. आधी टीबी म्हणून गोळ्या दिल्या गेल्या, मग नगरच्या डॉक्टरनं सांगितलं की हा टीबी नव्हताच. हे सगळं मी एका पत्रकात लिहिलं आहे. तुझ्यासारख्या तिघांनी त्यात आपली नावं घालू दिली. तुझ्या ओळीत नावाची जागा कोरी आहे, कारण तू नको म्हणालास. का नको, यावरचं आपलं भांडण अर्धं राहिलं. ते मला पुरं करायचं आहे, आणि ते क्रशरपासून सुरू होत नाही. ते तुझ्या त्या फोनपासून सुरू होतं.

"पोरी, एखादा हेडफोन बघ. स्वस्तातला. पन कान पार झाकनारा."

"कशाला?"

"गेमला. रिसीव्हरला लावायचा हाय."

"मामा, तुला हेडफोन पाहिजे का वकील?"

"आदी हेडफोन. वकील कानावर बसत न्हाई."

मी चिडले होते. तुझ्या नाकात नळी होती, नळी हवेच्या मशीनला जोडलेली, मशीन भाड्याचं आणि भिंतीतल्या प्लगला बांधलेलं. नळी उंबऱ्यापर्यंत पोचायची, पुढे नाही. तू संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचास, पाय बाहेर आणि बाकीचा सगळा आत. आणि या माणसाला गेमसाठी हेडफोन पाहिजे होता.

पण तुझं म्हणणं सरळ होतं. कामावर होतास तेव्हा नगरच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून तू तो जुना होम थिएटरचा रिसीव्हर उचलून आणला होतास, पाच स्पीकर आणि एका मोठ्या खर्जाच्या डब्यासकट. पुढे त्याला सेकंडहँड गेमिंग कन्सोल जोडलास. तेव्हा गेममध्ये बॉम्ब फुटला की शेजारच्यांचे पत्रे वाजायचे आणि तुला त्याचा अभिमान होता. आजारी पडल्यावर पहिल्यांदा खेळायला बसलास, पहिला बॉम्ब फुटला आणि त्याचा दणका तुझ्याच छातीत बसला. खोकला थांबेना, ओठ निळे पडले. मामीनं बोर्डाचं बटणच बंद केलं. त्यानंतर स्पीकर गेले माळ्यावर. टीव्हीचा आवाज लावलास तर त्याच्यावर हवेच्या मशीनची घरघर, आणि घरघरीत मधून मधून फुस्स. गेममध्ये मागून कोण चालत आलं हे कळायच्या आत तू मेलेला असायचास.

"दिसतंय सगळं," तू म्हणालास, "पन कुठून येत्यात ते कळंना. नुसतं मरायचं म्हंजी काय खेळ हाय व्हय?"

मग मी वाचायला बसले. मी कुठलीही गोष्ट पत्रकं वाचावीत तशी वाचते, सगळी, दोन्ही बाजूंची. मामा, हेडफोनवाल्या लोकांत आपल्या चळवळीत नसतील इतके गट आहेत. एक गट उघड्या पाठीचे घ्या म्हणतो. त्यांच्या वाट्यांना मागून जाळी असते, आवाज कानात कोंडत नाही, खोलीभर पसरल्यासारखा वाटतो आणि पावलं डावीकडून आली का मागून ते नीट कळतं. दुसरा गट बंद पाठीचे घ्या म्हणतो. त्यात आवाज थोडा डबक्यात अडकल्यासारखा होतो, कान घामेजतात, पण बाहेरचं काही आत येत नाही.

नगरच्या दुकानात गेले तर दुकानदारानं हेडफोन दाखवायच्या आधी एक छोटासा ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवला. म्हणाला, गेमिंगला हा लागतोच. मी विचारलं, घरी अख्खा रिसीव्हर असताना आणखी ॲम्प्लिफायर कशाला? तो म्हणाला, सगळे घेतात. मग नसलेली गरज माणसाच्या गळ्यात कशी मारली जाते यावर मी त्याला थोडं समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हेडफोन बघायचे तर बघा. सभा चौकात घ्या."

हे तुला सांगितल्यावर तू हसलास आणि हसण्याचा खोकला झाला. मामी मला म्हणाली, "तू आली की ह्येंचा दम जातो. हसवू नको."

ॲम्प्लिफायर लागत नव्हता, हे मात्र खरं होतं. आधी आपण माझेच मोबाईलचे हेडफोन रिसीव्हरला लावून पाहिले होते, आठवतं? पुढच्या बाजूच्या जाड पिनेच्या भोकात, मध्ये जोडणी घालून. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "ह्यात बी मशीन हाय की." कुणी बोलत नसताना एक बारीक सूं ऐकू यायचं, आणि खर्ज सुजलेला. ते हेडफोनचं वाईटपण नव्हतं. अशा रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी सहसा वेगळी सोय नसतेच, स्पीकरची ताकद अडवून कमी करून त्या भोकात सोडलेली असते. मोबाईलच्या जरा जरा विजेवर चालणाऱ्या हलक्या हेडफोनांना ती मानवत नाही. तिथे लागतात जास्त ओहमचे, म्हणजे विजेला जास्त अडवणारे हेडफोन, जे मोबाईलला लावले तर मुके वाटतात. ते त्या भोकात लावले की सूं नाहीसं होतं आणि आवाज सरळ होतो. त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून दुकानाच्या वरच्या फळीवर पडून असतात.

मी उघड्या पाठीचे आणले. तू कान पार झाकणारा सांगितला होतास, म्हणजे बंदच, मी उघडे आणले, कारण मला पटलं होतं. पाथर्डीचा उन्हाळा, पत्र्याची खोली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मामीनं हाक मारली तर तुला ऐकू यायला हवी होती. आवाजाच्या बाबतीत मी आजही माझ्या मतावर ठाम आहे. तूही कबूल केलंस. पहिल्याच डावात तू मान न वळवता म्हणालास, "डावीकडं, जिन्यावर. दोघं हायेत." आणि दोघं होते. तुझा चेहरा मी कितीतरी दिवसांनी तसा पाहिला.

मग तू हेडफोन काढून मांडीवर ठेवलास.

"झ्याक हाय. बदलून आन."

"आता काय झालं?"

"गडी कुठं हाय ते कळतंय. पन मशीन बी कळतंय." तू बोटानं हवेच्या मशीनकडे दाखवलंस. "समद्या गेममदी त्ये हायच. डोंगरात जावा, समुद्रात जावा, ह्ये घरघर करत मागं."

"मामा, ते मशीन चालू आहे म्हणून तू आहेस. ते बंद पडलं तर तुला कळायला नको?"

"लाईट गेल्याबिगर त्ये बंद पडत न्हाई. आन लाईट गेली तर रिसीव्हर बी जातो. कान मुका झाला की समजलं." कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे तू मान हलवलीस. "मग तिथं नळी लावायची. डोकं मलाबी हाय, पुढारीनबाई."

मी मामीकडे पाहिलं. तिनं माझी बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षा होती. ती भाजी निवडत म्हणाली, "आन बाई बदलून. मला तरी कुठं सुटका हाय त्या आवाजातनं. एकाची तर हुंदे."

बंद पाठीचे आणले. जड, काळे, जास्त ओहमचे. आवाज उघड्यांइतका पसरत नव्हता. रिसीव्हरनं हेडफोनमध्ये पाच स्पीकरांचा जो खोटा गाजावाजा चालवला होता तो बंद करून मी साधा दोन कानांचा आवाज लावून दिला. डावं-उजवं पुरेसं स्वच्छ झालं. तू ते डोक्यावर चढवलेस आणि नाहीसा झालास. समोर बसलेला, नाकात नळी, हातात रिमोट, आणि खोलीत नाही.

त्यानंतर तुझ्याशी बोलायचं तर काय करायचं हा माझा प्रश्न होता, मामीचा नव्हता. ती टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहायची आणि हात हलवायची. तळहात आडवा. मूठ हवेत गोल. तू रिमोटवरचा एक हात सोडून तसंच काहीतरी उत्तर द्यायचास आणि ती चहा ठेवायला निघून जायची. मला समजायला वेळ लागला की ही क्रशरची भाषा होती. लग्नानंतर मामीही तुझ्याबरोबर खडी भरायला होती, आणि तिथे यंत्राच्या आवाजात तोंडाचा उपयोग नसतो. पट्टा चालू कर, थांब, दगड अडकलाय, पाणी आण, सगळं हातानं. ज्या जागेनं तुझी छाती खाल्ली तिथली भाषा तुम्ही दोघांनी घरात आणून संसाराला लावली होती. मला त्याचा राग येत होता आणि मी ते बघतही बसत होते.

मी दारात दिसले की मामी दोन बोटं कपाळाला लावायची आणि तू घाईनं पाठ ताठ करायचास. एकदा मी विचारलं, याचा अर्थ काय?

"मुकादम आला," मामी म्हणाली.

आता त्या पोरांबद्दल. तुझ्याबरोबर खेळणारे ते दोघे, एक सांगलीकडचा, दुसऱ्याचं गाव मला कधी कळलं नाही. तुझं खेळातलं नाव मी इथे देत नाही आणि त्यांना ओळख पटू नये म्हणून काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत. कुठल्या ते तुला माहीत. ते तुला भाऊ म्हणायचे. तू मला एक स्वस्तातला माईकही आणायला लावलास, टेबलावर ठेवायचा. त्यांचं बोलणं फक्त तुझ्या कानात यायचं, मला तू मागाहून नक्कल करून सांगायचास. तो लावल्यावर पहिल्याच दिवशी सांगलीकरानं विचारलं, "भाऊ, तुमच्या मागं कसला आवाज येतोय ओ?"

तुझ्या कानातून मशीन गेलं होतं. त्यांच्या कानात पोचलं होतं.

"कूलर हाय," तू म्हणालास.

उन्हाळा होता, चालून गेलं. पावसाळ्यातही कूलर होता. थंडी पडली तसा तो पोरगा खिदळायला लागला. "भाऊ, नगरला एवढं उकडतंय व्हय? आमच्याकडं माणसं शेकोटी करून बसल्यात."

"माजं अंग गरम हाय," तू म्हणालास, आणि माईक बंद करून खोकून घेतलंस, आणि परत चालू केलास.

मी शेजारी बसले होते. मी म्हणाले, सांगून का टाकत नाहीस? लाज वाटायचं काम त्यांचं, ज्यांनी तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नाही. तू का लपवतोस?

तू हेडफोनची एक वाटी कानावरून मागे सरकवलीस. एवढं तू फक्त माझ्यासाठी करायचास.

"तू मला काय म्हनून वळखती?"

"मामा म्हणून."

"खोटं. पेशंट म्हनून वळखती. तुजी मामी बी. गल्ली बी. डाक्टर तर काय. हितं यायचं म्हनलं तर माणूस दारातच चप्पल काढून आवाज बारीक करतो." तू पडद्याकडे हात केलास. "तिथं मला शिव्या घालत्यात. भाऊ, झोपला का, भाऊ, आंधळा हाय का. लई बरं वाटतं."

"पण ते खोट्या माणसाशी बोलतायत."

"न्हाई. खऱ्याशी बोलत्यात. खोटा हितं बसलाय."

मी म्हणाले की असं गप्प राहूनच क्रशर चालतात. तुझं नाव पत्रकात आलं तर उद्या कामावर जाणारं एखादं माणूस तोंडाला कापड मागेल. तू नाव दिलंस तर बाकीचेही देतील. मी बरंच बोलले. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "तुज्या पत्रकात मी कायमचा आजारी ऱ्हानार. छापलं की बदलत न्हाई त्ये. मी गेल्यावर बी लोक वाचनार, ह्यो बग, ह्यो धुळीनं मेलेला. माज्यासंगं दुसरं कायच न्हाई का जोडायला?"

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच उत्तर असतं. पण तू वाटी कानावर ओढून घेतलीस आणि हाताची एक खूण केलीस, जी मला येत नव्हती. मामीनं आतून पाहिलं आणि ती गालात हसली. अर्थ तिनं मला अजून सांगितलेला नाही.

ते उत्तर मी पुढच्या वेळी द्यायचं ठरवलं. पुढच्या वेळी तू दवाखान्यात होतास, त्याच्या पुढच्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हतास. तिथे तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि मी तुझा हात धरून बसले होते. तो हात काही सांगत असेल तर मला कळलं नाही. मला फक्त छापलेलं वाचता येतं.

मामा, मी तुला काय सांगणार होते ते आता सांगते. माणसाला त्याच्या आजारापलीकडे ओळखलं जावं हे बरोबरच आहे, पण तो आजार ज्यांनी दिला त्यांना हे फार सोयीचं असतं. तू तुझी इज्जत राखलीस आणि त्याबरोबर त्यांचीही राखली गेली. हे मला सहन होत नाही. आणि तुझं म्हणणं खोडूनही काढता येत नाही. तुझ्या नळीला उंबऱ्यापाशी संपावं लागायचं, माझं तसंच झालं आहे. पत्रकाच्या त्या कोऱ्या जागेपर्यंत येते आणि पुढे जाता येत नाही.

परवा मामीनं मला बोलावून घेतलं. हवेचं मशीन भाड्यावाला घेऊन गेला होता. खोली इतकी शांत होती की मामी बोलताना उगाचच मोठ्यानं बोलत होती.

"त्या पोरांला कळवाय पायजे," ती म्हणाली. "वाट बगत आसतील. मला काय ते चालू करता येत न्हाई."

मला बरं वाटलं, खरं सांगते. मी मनाशी ठरवलं की इथे खरं सांगायचं. भाऊ आजारी होता, धुळीनं गेला, क्रशरवर होता. एकदा इथे सांगितलं की तुझी लपायची जागाच उरणार नाही, आणि मग पत्रकात नाव घालायला अडवणारं कुणी नाही. हे अगदी तर्कशुद्ध होतं. दुपारची वेळ होती, दार उघडं होतं, मामी उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी टीव्ही लावला, रिसीव्हर लावला, हेडफोन डोक्यावर चढवले. आत तुझ्या केसांच्या तेलाचा वास होता.

सांगलीकर होताच. माईकवर बोलायचा मला धीर झाला नाही, म्हणून पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर निवडत मी लिहिलं की मी भाऊंची भाची. लिहायला फार वेळ लागतो त्यावर, माणूस विचार करत राहतो.

त्याचा आवाज आला. मी कल्पना केली होती त्यापेक्षा लहान वाटला. "ताई, भाऊ कुठं गायब झालंय? आम्ही रोज मार खातोय त्यांच्याबिगर. त्यांला म्हणावं, रागावला का? मी त्या दिवशी लई बोललो त्यांला, आंधळा म्हणलो. खेळात असतंय ते."

मी पहिलं अक्षर निवडलं. मग ते खोडलं.

मी लिहिलं, "रागावला नाही. नोकरी लागली."

"आयला, भारी. कुठं?"

"लांब. डोंगरात."

"नेट नाही व्हय तिथं?"

"नाही."

मामी दारातून हातानं विचारत होती, काय म्हणतोय. मला खुणेनं उत्तर देता आलं नाही.

तो हसत म्हणाला, "मग नेट नाही, गेम नाही, भाऊ करतोय काय तिथं दिवसभर?"

मी एकेक अक्षर निवडत लिहिलं, "चालतो."